पोर्तुगालचे 1974 साल: सुरुवात आफ्रिकेतून करा

प्रश्न असा आहे: "मी मूळचा गोव्याचा असून एका दिवाळी अंकासाठी पोर्तुगालच्या 1974 सालावर लेख लिहीत आहे. 25 एप्रिलचा उठाव, बंदुकीच्या नळीत खोचलेली लाल फुले, हे सर्व ठाऊक आहे. मात्र लष्कराने सत्ता घेतल्यावर लोकशाही कशी आली, त्या एकाच वर्षात इतके राष्ट्राध्यक्ष का बदलले आणि तेरा वर्षे अडून बसलेल्या पोर्तुगालने वर्षअखेरीस गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व एकाएकी कसे मान्य केले, या तीन गोष्टींचा मेळ बसत नाही."

मी बरीच वर्षे महाविद्यालयात आधुनिक युरोपचा इतिहास शिकवत आलो आहे आणि हे साल शिकवताना विद्यार्थी नेमके याच ठिकाणी अडखळतात. तुमच्या तीन प्रश्नांमागे मला एकच अडचण दिसते. तुम्ही वर्षाची फाळणी 25 एप्रिलच्या आधी आणि नंतर अशी करता आणि त्या दिवसाकडून सगळी उत्तरे मागता. प्रत्यक्षात त्या दिवशी एक राजवट पडली, एवढेच ठरले. तिच्या जागी काय यावे आणि मुख्य म्हणजे आफ्रिकेतील वसाहतींचे काय करावे, यावर उठाव करणाऱ्यांमध्येच एकमत नव्हते. उरलेले वर्ष त्या मतभेदाचे आहे, आणि गोव्याचा करार त्याच भांडणाच्या निकालातून निघालेला आहे.

एक गोष्ट आधीच मान्य करतो. हे वर्ष कोठून पाहता यावर बरेच अवलंबून आहे. लिस्बनच्या कामगाराच्या दृष्टीने 1974 हे संपांचे आणि 3300 एस्कुदोंच्या पहिल्या किमान वेतनाचे वर्ष आहे. मोझांबिकमधल्या गोमंतकीय कुटुंबाच्या दृष्टीने ते घरदार सोडण्याच्या तयारीचे वर्ष आहे, तर गिनी-बिसाऊच्या दृष्टीने स्वातंत्र्याला मान्यता मिळाल्याचे. यांपैकी कोणताही लेख खोटा ठरणार नाही. परंतु तुमचे तीनही प्रश्न एका सूत्रात ओवायचे असतील, तर आरंभ आफ्रिकेतून करावा लागेल.

1961 मध्ये अंगोलात, 1963 मध्ये गिनीत (म्हणजे आजच्या गिनी-बिसाऊत) आणि 1964 मध्ये मोझांबिकमध्ये स्वातंत्र्ययुद्धे पेटली. नव्वद लाखांच्या आतबाहेर लोकसंख्या असलेला, पश्चिम युरोपातील सर्वांत गरीब देशांपैकी एक असा पोर्तुगाल तीन आघाड्यांवर तेरा वर्षे लढत राहिला. सरकारी खर्चाचा सुमारे 40 टक्के भाग लष्करावर जात होता. तरुणांना सक्तीच्या लष्करी सेवेत अनेक वर्षे काढावी लागत आणि त्यांतली साधारण दोन आफ्रिकेत जात. ती टाळण्यासाठी हजारो मुले चोरवाटांनी सीमा ओलांडून फ्रान्समध्ये पळत होती. हुकूमशहा पंतप्रधान सालाझार 1968 मध्ये आजारी पडून सत्तेवरून दूर झाले आणि मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाले, तेव्हा काही सुधारणा होतील अशी आशा निर्माण झाली होती. प्रत्यक्षात गुप्त पोलीस खात्याचे नाव बदलले आणि युद्ध तसेच चालू राहिले.

युद्धाचा सर्वांत वाईट भाग गिनीत होता. 1973 मध्ये तेथील बंडखोरांच्या हाती विमाने पाडणारी सोव्हिएत क्षेपणास्त्रे आली आणि पोर्तुगीज सैन्याची शेवटची जमेची बाजू, म्हणजे आकाशावरील ताबा, डळमळीत झाली. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला बंडखोरांनी स्वातंत्र्य जाहीर केले आणि अनेक देशांनी त्यास मान्यता देऊन टाकली. जनरल अंतोनियो द स्पिनोला 1968 ते 1973 या काळात तेथे गव्हर्नर होते. वाटाघाटींची वाट मोकळी करण्याचा त्यांचा प्रयत्न कायतानो यांनी फेटाळला. वाटाघाटींपेक्षा सन्मानाने पत्करलेला लष्करी पराभव बरा, अशा आशयाचे उत्तर आपणास मिळाल्याचे स्पिनोला यांनी पुढे लिहून ठेवले आहे.

या उत्तराचा अर्थ पोर्तुगीज अधिकाऱ्यांना चांगला ठाऊक होता, कारण तो त्यांनी गोव्यात पाहिलेला होता. येथे तुमच्या लेखाला असा धागा मिळतो, जो बाहेरच्या लेखकांकडून बहुधा एका ओळीत उरकला जातो. डिसेंबर 1961 मध्ये सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्व्हा यांना शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा आदेश दिला होता. आपले सैनिक एकतर विजयी होतील किंवा मरण पत्करतील, युद्धकैदी होणे आपल्याला अपेक्षित नाही, असा त्या संदेशाचा रोख होता. हाताशी थोडे सैन्य, जुनी शस्त्रे, लढाऊ विमान एकही नाही आणि समोर भारतीय सैन्य, अशा स्थितीत वासालो ई सिल्व्हा यांनी 19 डिसेंबरला शरणागती पत्करली आणि हजारो जीव वाचवले. सुटून मायदेशी परतलेल्या सैनिकांचे स्वागत अपराध्यांसारखे झाले. 1963 मध्ये खुद्द वासालो ई सिल्व्हा यांना आणि काही अधिकाऱ्यांना लष्करातून बडतर्फ करण्यात आले. निर्णय राजकारण्यांचा, नामुष्की लष्कराची, हा धडा अधिकाऱ्यांच्या मनातून पुढे कधीच गेला नाही. गिनीत पराभव झाला तर दोष पुन्हा आपल्याच माथी येणार, ही भीती 1973 च्या सुमारास कप्तान आणि मेजर हुद्द्यांवरील अधिकाऱ्यांत पसरली होती आणि त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात गोव्याचा दाखला येत असे. वर्गात हा भाग आला की पेंगुळलेली मुलेही सरसावून बसतात, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

तरीही उठावाची पहिली ठिणगी उदात्त नव्हती, हे लेखात स्पष्ट लिहावे. जुलै 1973 मध्ये सरकारने एक फर्मान काढले. अधिकाऱ्यांचा तुटवडा भरून काढण्यासाठी, सक्तीच्या भरतीतून आलेल्या अधिकाऱ्यांना लष्करी अकादमीत एक छोटा अभ्यासक्रम पूर्ण करून कायम सेवेत येण्याची आणि ज्येष्ठतेत पुढे सरकण्याची सोय त्यात होती. पूर्ण शिक्षण घेऊन आलेले कप्तान त्यामुळे बिथरले आणि सप्टेंबरमध्ये एव्होराजवळ एका शेतघरात त्यांची पहिली मोठी बैठक झाली. तक्रार बढतीची होती. सरकारने नंतर माघार घेतली, पण तोवर बैठकांमधून प्रश्न बढतीकडून युद्धाकडे आणि युद्धाकडून राजवटीकडे सरकला होता. काही विद्यार्थ्यांचा येथे हिरमोड होतो. माझ्या मते यात हिरमोड होण्याजोगे काही नाही. नोकरीतील अन्यायावर बोलण्यासाठी लोक एकत्र आले नसते, तर मोठ्या विषयावर बोलण्याचे धैर्य त्यांना एकमेकांकडून मिळालेच नसते.

फेब्रुवारी 1974 मध्ये स्पिनोला यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि हे युद्ध लष्करी मार्गाने जिंकता येणार नाही, असे सैन्याच्या सर्वोच्च वर्तुळातील माणसाने छापून सांगितले. कायतानो यांनी मार्चमध्ये सेनाधिकाऱ्यांना निष्ठा व्यक्त करण्यासाठी बोलावले, तेव्हा सरसेनापती फ्रान्सिस्को द कोस्टा गोमेस आणि स्पिनोला दोघेही गैरहजर राहिले आणि दोघांनाही पदावरून दूर करण्यात आले. 16 मार्चला काल्दास द राइन्या येथील तुकडीने घाईने केलेला उठाव फसला. एप्रिलमधली आखणी मात्र काटेकोर होती, आणि तिची सूत्रे मेजर ओतेलो सराइव्हा द कार्व्हाल्यो यांच्याकडे होती.

25 एप्रिलचा वृत्तान्त तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर फार थांबत नाही. आदल्या रात्री अकराच्या सुमारास रेडिओवर पहिले गाणे लागले, मध्यरात्रीनंतर दुसरे, आणि त्या खुणेवर तुकड्या निघाल्या. सान्तारेंहून चिलखती गाड्या घेऊन आलेला कप्तान साल्गैरो माइया याने कार्मो चौकातील छावणीला वेढा घातला. कायतानो आत अडकले होते. सत्ता रस्त्यावर पडू नये म्हणून ती एखाद्या जनरलच्या हाती द्यायची त्यांची अट होती आणि त्यासाठी स्पिनोला यांना बोलावण्यात आले. या तपशिलावर माझा भर असतो, कारण पुढची सगळी गुंतागुंत येथून सुरू होते. उठाव केला कप्तानांनी, सत्ता हाती घेतली जनरलने, आणि दोघांना हवे होते ते एक नव्हते. घरी थांबा असे रेडिओवरून वारंवार सांगितले जात असतानाही लिस्बनकर रस्त्यावर उतरले, हा त्या दिवसाचा तिसरा घटक. त्यांच्यामुळे दुपारपर्यंत उठावाला परतीची वाट उरली नाही. रक्तहीन क्रांती असे सरसकट लिहू नका. गुप्त पोलिसांच्या मुख्यालयातून गर्दीवर गोळीबार झाला आणि त्यात चार नागरिक मरण पावले.

त्यानंतर एक-दोन दिवसांत काशियास आणि पेनिशे येथील तुरुंगांतून राजकीय कैदी सुटले. मराठी वाचकासाठी येथे थोडे थांबायला हरकत नाही. लिस्बनजवळच्या याच काशियास किल्ल्यात सांगलीचे, गोवा मुक्तिसंग्रामातील मोहन रानडे यांनी वर्षानुवर्षे एकांतवास भोगला होता. गोवा 1961 मध्ये मुक्त झाला तरी त्यांची सुटका व्हायला जानेवारी 1969 उजाडला. एप्रिल 1974 मध्ये त्या दारातून बाहेर आलेल्या पोर्तुगीज कैद्यांना आणि रानड्यांना कोंडणारी यंत्रणा एकच होती, हे वाचकाला एका वाक्यात कळते.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 1974 मध्ये पोर्तुगालला तीन राष्ट्राध्यक्ष लाभले: आमेरिको तोमास, स्पिनोला आणि कोस्टा गोमेस. पंतप्रधानही तीन होते: कायतानो, आदेलिनो द पाल्मा कार्लोस आणि व्हास्को गोन्साल्व्हिस. नावांची ही यादी पाठ केल्याने काही हाती लागत नाही. कप्तानांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क मान्य करणारे कलम होते. 25 एप्रिलच्या रात्री स्पिनोला यांनी ते काढायला लावले आणि प्रश्नाचे उत्तर लष्करी नसून राजकीय आहे, एवढेच मोघम वाक्य उरले. स्पिनोला यांना लिस्बनच्या छत्राखाली एक संघराज्य हवे होते, त्यासाठी मुदत हवी होती, सार्वमत हवे होते. कप्तानांना युद्ध थांबायला हवे होते, आणि ते लगेच. मी फळ्यावर 27 एप्रिल ते 30 सप्टेंबर अशी एक रेघ ओढतो आणि प्रत्येक राजकीय घटनेखाली त्या आठवड्यात आफ्रिकेत काय चालले होते ते लिहितो. असे केले की बहुतेक घटनांचे कारण खालच्या ओळीत सापडते.

उदाहरणार्थ, पाल्मा कार्लोस यांनी जुलैमध्ये राजीनामा दिला. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लवकर घेऊन स्पिनोला यांचे हात बळकट करावेत, हा त्यांचा बेत फसला होता. नवे पंतप्रधान गोन्साल्व्हिस हे कप्तानांच्या चळवळीतील आणि डावीकडे झुकलेले कर्नल होते. यादरम्यान आफ्रिकेत सैनिकांनी लढणे जवळपास थांबवले होते. युद्ध संपणारच असेल, तर शेवटचा मृत सैनिक आपण का व्हावे, हा त्यांचा हिशेब समजण्याजोगा आहे. ज्या सेनापतीचे सैन्य लढत नाही, त्याच्या वाटाघाटींना वजन उरत नाही. 27 जुलैला स्पिनोला यांना वसाहतींचा स्वातंत्र्याचा हक्क मान्य करणारा कायदा स्वतःच जाहीर करावा लागला. 7 सप्टेंबरला लुसाका येथे मोझांबिकबाबत करार झाला, त्याच दिवशी मोझांबिकची राजधानी लोरेन्सो मार्केस (आजचे मापुतो) येथील गोऱ्या वसाहतवाल्यांनी रेडिओ केंद्र ताब्यात घेतले, पण त्यांचा प्रयत्न काही दिवसांत विझला. 10 सप्टेंबरला गिनी-बिसाऊला मान्यता मिळाली. अंगोला तेवढा उरला होता आणि तो आपल्या हाती राहावा, ही स्पिनोला यांची धडपड होती. 28 सप्टेंबरला त्यांच्या समर्थकांनी आपल्या मूक बहुमताचा मोर्चा ठरवला. डाव्या पक्षांनी आणि कामगार संघटनांनी लिस्बनच्या वाटांवर अडथळे उभारले, गाड्या तपासल्या, आणि मोर्चा निघालाच नाही. 30 तारखेला स्पिनोला यांनी देश अराजकाकडे चालल्याचा इशारा देत राजीनामा दिला. कोस्टा गोमेस राष्ट्राध्यक्ष झाले.

येथवरचा धागा थोडक्यात असा: गोव्याच्या आठवणीने शहाणे झालेले अधिकारी आफ्रिकेतील दुसऱ्या नामुष्कीपूर्वी राजवट उलथवतात, सत्ता ज्या जनरलकडे जाते त्याला साम्राज्याचा काही भाग राखायचा असतो, आणि पाच महिन्यांत आफ्रिकेतील वस्तुस्थिती त्याला हटवते.

गोव्याचे उत्तर आता सोपे होते. सालाझार आणि कायतानो यांच्या घटनेनुसार वसाहती नव्हत्याच, सागरापलीकडचे प्रांत होते आणि ते देशाचा अविभाज्य भाग होते. गोवा गेला असे एकदा मान्य केले की अंगोला आणि मोझांबिक का जाऊ नयेत, याला उत्तर उरत नव्हते. गोव्यावरचा हट्ट त्या अर्थाने गोव्यासाठी नव्हता, तो लुआंडासाठी, म्हणजे अंगोलाच्या राजधानीसाठी होता. म्हणून केवळ हुकूमशहा गेला एवढ्याने गोव्याचा प्रश्न सुटला नसता. 27 जुलैच्या कायद्याने अविभाज्यतेचे तत्त्वच मोडीत काढल्यावर गोव्यावरील दावा चालू ठेवण्यात कोणाचेही हित राहिले नाही. ऑक्टोबरमध्ये भारताशी असा करार करण्यास परवानगी देणारा स्वतंत्र कायदा लिस्बनमध्ये झाला. 31 डिसेंबर 1974 रोजी नवी दिल्लीत परराष्ट्रमंत्री मारिओ सोआरेस यांनी पोर्तुगालतर्फे सही केली. भारतातर्फे सही करणारे होते यशवंतराव चव्हाण. ते ऑक्टोबरमध्येच परराष्ट्रमंत्री झाले होते. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली या प्रदेशांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले, तेही सहीच्या तारखेपासून नव्हे, तर हे प्रदेश भारतीय घटनेनुसार भारताचा भाग झाले त्या त्या तारखांपासून. शब्दरचनेतील ही बाब भारताच्या दृष्टीने कळीची होती. राजनैतिक संबंध पुन्हा सुरू झाले आणि जून 1975 मध्ये करार अमलात आला. वासालो ई सिल्व्हा यांनाही 25 एप्रिलनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला. गोव्यात आज पोर्तुगीज पासपोर्टची जी चर्चा चालते, ती या कराराशी जोडू नका. तो पोर्तुगालच्या नागरिकत्व कायद्याचा विषय आहे आणि त्याचे तपशील वेगळे आहेत.

राहिला पहिला प्रश्न, लष्कराकडून लोकशाही कशी आली. प्रामाणिक उत्तर असे की 1974 मध्ये ती आलेली नव्हती. आले होते ते पक्ष, वृत्तपत्रे, सभा आणि निवडणुकीचे आश्वासन. कप्तानांनी पहिल्याच जाहीरनाम्यात वर्षभरात घटना समितीची निवडणूक घेण्याचे वचन दिले होते, आणि इतर देशांतील लष्करी उठावांपासून या उठावाचे वेगळेपण शोधायचे असेल तर ते फुलांपेक्षा या वचनात शोधावे. सोआरेस 28 एप्रिलला रेल्वेने पॅरिसहून परतले, कम्युनिस्ट नेते आल्व्हारो कुन्याल दोन दिवसांनी विमानाने. मे महिन्यात दोघेही हंगामी मंत्रिमंडळात होते. नाटोच्या एका संस्थापक सदस्य देशात कम्युनिस्ट मंत्री बसलेला पाहून वॉशिंग्टनची झोप उडाली होती. सोआरेस यांचा समाजवादी पक्ष तेव्हा जेमतेम वर्षाचा होता आणि त्याची स्थापना पश्चिम जर्मनीत झाली होती. लोक नेमके कोणाच्या मागे आहेत, हे डिसेंबर 1974 मध्ये लिस्बनमध्ये कोणालाच सांगता येत नव्हते, कारण कोणी मोजलेच नव्हते.

यासाठी माझी सूचना अशी की लेख 31 डिसेंबरला बंद करू नका. दिल्लीतील सहीवर लेख छान मिटतो आणि गोमंतकीय वाचकालाही तो रुचेल, पण पोर्तुगालचे भांडण त्या दिवशी मिटलेले नव्हते. मार्च 1975 मध्ये स्पिनोला यांच्या बाजूच्या अधिकाऱ्यांचा उठाव फसला, ते देशाबाहेर पळाले आणि त्या लाटेत बँका आणि विमा कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यानंतर 25 एप्रिल 1975 रोजी, ठरल्या मुदतीत, निवडणूक झाली. 91 टक्क्यांहून अधिक मतदारांनी मतदान केले. समाजवाद्यांना सुमारे 38 टक्के मते मिळाली, मध्यममार्गी लोकशाहीवाद्यांना 26 टक्के, तर रस्त्यावर आणि मंत्रालयात सर्वांत प्रबळ भासणाऱ्या कम्युनिस्टांना साडेबारा टक्के. ज्यांचा निर्णय होत नसेल त्यांनी कोरी मतपत्रिका टाकावी, असे लष्करातील काहींनी सुचवले होते. कोरी आणि बाद मते मिळून भरली 7 टक्क्यांच्या आसपास.

त्यापुढच्या नोव्हेंबरात, म्हणजे 25 नोव्हेंबर 1975 रोजी, डाव्या सैनिकांचा उठाव रामाल्यो एआनेस यांच्या तुकड्यांनी मोडून काढला. नवी घटना एप्रिल 1976 मध्ये मंजूर झाली आणि त्याच वर्षी एआनेस थेट मतदानाने राष्ट्राध्यक्ष निवडून आले. जागा कमी असेल तर एवढ्यासाठी एक परिच्छेद पुरे, परंतु एप्रिल 1975 च्या मतांचे आकडे त्यात अवश्य घ्या, कारण लष्करातील कोणत्याही गटाला त्यानंतर आपणच जनता आहोत असे म्हणता आले नाही.